उसाच्या कडेची राखण: कारवान की अल्सेशियन?

नारायणगाव मागे टाकून आळेफाट्याकडे निघालं की चाळकवाडीच्या टोलनाक्याच्या आसपास पिंपळवंडीची शीव लागते. या भागातली बरीच घरं गावठाणात नाहीत, मळ्यात आहेत. एका अंगाला गाईंचा गोठा, दुसऱ्या अंगाला कांद्याची चाळ, मागे कोंबड्यांचं खुराडं आणि ओट्यावरून हाक मारली तर पोचेल इतक्या अंतरावर ऊस. अशा घरात कुत्रा हौसेखातर येत नाही, राखणीला येतो. आणि दारचं गावठी कुत्रं एखाद्या रात्री बिबट्यानं उचललं की घरात एकच बोलणं सुरू होतं: आता साधं कुत्रं नको, चांगलं मोठं, जातिवंत जनावर आणू. मग दोन नावं पुढे येतात. कुणी म्हणतं कारवान आणू, कुणी म्हणतं अल्सेशियन. या दोघांतून निवड कशी करायची, ते या प्रकरणात पाहू.

आधी ‘मोठं’ या शब्दाचा हिशोब करू, कारण पैसे वाया जातात ते तिथेच. कारवान नर खांद्याशी साधारण ६८ ते ७२ सेंटिमीटर उंच भरतो, पण अंगानं सडपातळ असल्यानं वजन पंचवीस किलोच्या आगेमागेच राहतं. अल्सेशियन नर उंचीला त्याच्यापेक्षा कमी, ६० ते ६५ सेंटिमीटर. वजन मात्र ३० ते ४० किलो. आपल्या नजरेला दोन्ही मोठे. बिबट्याच्या नजरेला कसे? मॅट हेवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून बिबट्याच्या भक्ष्याची छाननी केली. त्यातून निघालं ते असं की बिबट्याला १० ते ४० किलोंमधलं जनावर सोयीचं पडतं, आणि पंचविशीच्या आसपासचं सगळ्यांत जास्त. म्हणजे आपण ज्याला तगडा म्हणून घरी आणतो, तो कुत्रा नेमका त्याच्या मापात बसतो.

जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासून त्यांच्या खाण्याचा अभ्यास केला. खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा होता आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरी त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपासच. याचं कारण कुठल्याही शेतकऱ्याला लगेच पटेल. शेळी संध्याकाळी आत कोंडली जाते, कुत्रा बाहेर राहतो. बिबट्यानं शेळीपेक्षा कुत्रा पसंत केला असं यातून मानायचं कारण नाही. उघड्यावर जे सापडलं ते त्यानं नेलं. मला या सगळ्या विषयात कुत्र्यांचा हा ३९ टक्क्यांचा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कुत्र्याची जात ठरवण्याआधी तो रात्री कुठे झोपणार हे ठरलं पाहिजे, आणि ते ठरवता येत नसेल तर दोन्हीपैकी एकही घेऊ नये.

कोणत्याही जातीचा एकटा कुत्रा बिबट्याला अडवू शकत नाही. बिबट्या समोरून येत नाही, दबा धरून येतो आणि थेट गळा धरतो. कुत्र्याला लढायला वेळच मिळत नाही. मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालत आले ते याचसाठी. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा तिथल्या बायामाणसांनी स्वतःच्या गळ्यात तसे पट्टे घालून शेतात जायला सुरुवात केली. ती छायाचित्रं पाहिली तेव्हा पोटात कालवलं. अशा दिवसांत कुणी ‘या कुत्र्यापुढे वाघ टिकत नाही’ असं सांगून पिल्लू विकत असेल, तर तो लोकांच्या भीतीचा बाजार मांडतोय.

मग कुत्र्याचं काम काय? आधी कळणं आणि कळवणं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत वाघ जवळ आल्याचं त्यानं भुंकून सांगितलं आणि महाराज वाचले, अशी कथा आहे. कथेतसुद्धा खंड्यानं वाघ मारलेला नाही, धनी सावध केला आहे. आपल्या भागात धामणखेल आणि वडज ही दोन्ही खंडोबाची ठाणी, आणि खंडोबाजवळ कुत्रा असतोच. तोही राखणदार म्हणूनच. तेव्हा कारवान आणि अल्सेशियन यांची तुलना करायची ती या एका कामावर: अंधारात, उसाच्या कडेला, कोण लवकर ओळखतो आणि ओळखल्यावर काय करतो?

कारवानची बाजू आधी मांडतो, कारण तो आपल्या मातीतला आहे आणि त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. दख्खनच्या उघड्या माळावर घडलेला हा कुत्रा. मराठवाड्यात आणि सोलापूर-सांगलीकडे तो पूर्वीपासून आहे; पलीकडे बागलकोट जिल्ह्यात मुधोळला त्याला मुधोळ हाउंड म्हणतात. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान. बाजी घोरपड्यांमुळे ते नाव मराठी इतिहासात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच घराण्यातल्या मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या जातीची जोपासना केली आणि एक जोडी थेट इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, असं मुधोळकर अभिमानानं सांगतात. २००५ साली टपाल खात्यानं चार भारतीय कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. २०१६ मध्ये लष्करानं मेरठच्या आपल्या केंद्रात त्याची पिल्लं प्रशिक्षणासाठी नेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी जातींचं नाव घेतलं आणि मागणी एकदम वाढली. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं या जातीसाठीचं केंद्रही आहे.

या कुत्र्याचं शरीर बघत राहावं असं. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, वर ओढलेलं पोट, मागच्या मांड्यांत भरलेली ताकद. उन्हाचा त्याला फार त्रास नाही. आखूड केसांमुळे गोचीड लगेच दिसतो आणि हातानं काढता येतो. खाणं बेताचं. फासळीवरून हात फिरवला तर बोटांना मागच्या दोन-तीन फासळ्या मोजता येतात, कमरेची हाडं वर दिसतात, आणि येणारा-जाणारा म्हणतो, ‘कुत्र्याला खायला घालत नाही का?’ त्याकडे लक्ष देऊ नये. निरोगी कारवान असाच दिसतो. त्याला गुबगुबीत केलं की सांधे आणि हृदय दोन्ही बिघडतात.

पण हा डोळ्यांचा कुत्रा आहे. लांबवर काही हललं की ते टिपायचं, आणि टिपलं की सुटायचं, हे त्याच्या रक्तात आहे. मैलभर उघडा माळ समोर असेल तिथे त्याच्यासारखा दुसरा नाही. पिंपळवंडीत तो माळ राहिला कुठे? येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांच्या पाण्यानं या भागाचं रूप पालटलं. जिथे बाजरी आणि मटकी होती तिथे ऊस, केळी, द्राक्षं आली. उसात उभं राहिलं तर दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. बिबट्याला तीच आडोशाची जागा मानवली, म्हणून तर तो इथे वाढला. आणि कारवानच्या हातातलं मुख्य हत्यार त्याच आडोशानं काढून घेतलं. रात्री फडाच्या कडेला जे लागतं ते नाक आणि कान. कारवानला ते नाहीत असं मुळीच नाही, पण त्याचा पहिला भर तिकडे नाही. भुंकणंही तुलनेनं कमी. शिवाय हललं की मागे लागायचं हा स्वभाव मळ्यात अंगलट येतो. ससा उठला की तो उसात घुसतो, शेजारच्या कोंबड्यांवर जातो, महामार्गावर जातो. आणि बिबट्याच्या वासावर उसात शिरलेला पंचवीस किलोंचा कुत्रा परत येईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. सशाच्या शिकारीला त्याला नेणं हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाच आहे, हेही घेणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

अल्सेशियन मुळात मेंढपाळाचा. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानित्स या जर्मन लष्करी अधिकाऱ्यानं होरांड नावाचा एक नर निवडून या जातीची पद्धतशीर पैदास सुरू केली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना ‘जर्मन’ म्हणणं नकोसं झालं, म्हणून अल्सेशियन हे नाव आलं आणि आपल्याकडे तेच रुळलं. मेंढ्यांच्या कळपाभोवती दिवसभर फेऱ्या मारायच्या, हद्द सांभाळायची, धन्याकडे लक्ष ठेवायचं आणि वेगळं काही दिसलं-ऐकलं की आवाज करायचा, यासाठी तो घडवला गेला. मळ्यातल्या घराला नेमकं हेच हवं असतं. तो हद्द शिकतो. गाईंच्या पायात यायचं नाही, कोंबड्यांकडे बघायचं नाही, हाक मारली की उलट फिरायचं, हे त्याला लहानपणी शिकवलं तर आयुष्यभर राहतं. नाक तीक्ष्ण, कान सतत उभे, आणि भुंकणं खणखणीत. अंधारात झोपेतून माणूस उठवायला तो आवाज पुरतो.

त्याची उणी बाजू शरीराची आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिली गोष्ट खुब्याच्या सांध्याची. या जातीत खुब्याची वाटी उथळ राहण्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. अमेरिकेतल्या नोंदींत साधारण पाचांत एक कुत्रा असा निघतो. तीन-चार वर्षांचा होईपर्यंत तो धावतो, मग एक दिवस बसलेला उठताना मागचे पाय ओढतो. प्रदर्शनांसाठी पाठ मागे उतरती ठेवण्याची फॅशन आली, त्यानं या जातीचं भलं झालं नाही, असं मी स्पष्ट म्हणेन. मळ्यासाठी सरळ पाठीचाच घ्यावा. दुसरी गोष्ट केसांची. बाहेर भरड आणि आत लोकरीसारखा दाट असा दुहेरी थर असतो. जुन्नरच्या थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेला तो मजेत असतो. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र त्याला गोठ्याची सावली, ओली जमीन आणि पाण्याची भरलेली घमेली लागतात. केस भादरायचे नाहीत, कारण तोच थर उन्हालाही अडवतो. विंचरून मेलेले केस काढायचे. पत्र्याच्या शेडखाली दुपारभर बांधलेला अल्सेशियन उष्माघातानं मरू शकतो. तिसरी गोष्ट त्या दाट केसांत लपणाऱ्या गोचिडांची. गोठा शेजारी म्हणजे गोचीड आलेच, आणि त्यांच्यामुळे होणारा ताप वेळेत ओळखला नाही तर मोठा कुत्राही आठवड्यात खचतो. खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी गडद झाली की त्याच दिवशी पशुवैद्य गाठायचा.

सगळं जमेला धरून माझं मत असं. पिंपळवंडीसारख्या उसाच्या पट्ट्यात, गाई-कोंबड्या आणि लहान मुलं असलेल्या घरानं या दोघांत अल्सेशियन निवडावा, पण एका अटीवर: घरातल्या एका माणसानं रोज तासभर त्याच्यासाठी दिला पाहिजे. सकाळी धारा काढून झाल्यावर अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. शिकवण नाही, काम नाही आणि दिवसभर साखळी, अशा अवस्थेतला अल्सेशियन चिडका होतो आणि एक दिवस घरच्याच पोराला चावतो. तेवढा वेळ कुणाकडे नसेल तर जातिवंत कुत्र्याचा नाद सोडून गावठी पिल्लू घ्यावं. उष्णता, गोचीड, भाकरी सगळं ते सोसतं, आणि भुंकण्यात कुणाला हार जात नाही. कारवान घ्यायचा तर ज्याच्याकडे दोन-चार एकर तारेचं पक्कं कुंपण असलेलं मोकळं रान आहे आणि कोंबड्या नाहीत, त्यानं घ्यावा. तसं रान आपल्याकडे बेल्हे-आणे बाजूच्या कोरड्या पठारी पट्ट्यात अजून सापडतं. कारवान परक्याला सहसा अंगाला हात लावू देत नाही. शेपूट ओढणारी, गळ्यात पडणारी पोरं त्याला नकोशी वाटतात, हेही मनात असू द्यावं.

आता रात्रीची सोय. सर्वांत वाईट जागा म्हणजे अंगणातलं झाड आणि साखळी. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही, आणि त्याच्या भुंकण्यानं बिबट्याला जागा कळते. नुसती भिंतही उपयोगाची नाही; बिबट्या भिंत सहज चढतो. ओट्याला लोखंडी ग्रील असेल तर कुत्रा रात्री त्याच्या आत, कडी लावून. नसेल तर वेल्डमेश जाळीचा पिंजरा करून घ्यावा: खाली कोबा, चारी बाजूंनी जाळी आणि वरून पक्कं छत. पंजा आत जाणार नाही इतकी जाळी बारीक हवी. पिंजरा घराच्या भिंतीला लागून, खिडकीजवळ ठेवावा, म्हणजे त्याचं भुंकणं आतल्या माणसाला लगेच ऐकू येतं आणि त्यालाही माणसांचा आधार वाटतो. भुंकला म्हणून दार उघडून बाहेर धावायचं नाही. आतूनच दिवा लावायचा, आवाज करायचा, शेजारच्या वस्तीला फोन करायचा.

रात्रीच्या लायटीला पाणी द्यायला जाताना कुत्रा सोबत नेण्याची अनेकांची सवय आहे. ती मोडावी. कुत्रा बरोबर असला की बिबट्या दूर जाईल असं वाटतं, पण त्याचं भक्ष्यच आपण शेजारी चालवत असतो. त्यापेक्षा दोघं मिळून जावं, बॅटरी आणि काठी घ्यावी, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावावीत.

खुराकाबद्दल थोडक्यात. दूध-भाकरीवर कारवान आणि गावठी तगतात, वाढत्या अल्सेशियनला ती पुरत नाही. अंडी, उकडलेलं चिकन किंवा तयार खाद्य लागतं, आणि ते परवडणार असेल तरच पिल्लू आणावं. मात्र कॅल्शियमचं औषध स्वतःच्या मनानं पाजू नये. मोठ्या जातींच्या पिल्लांत जास्तीच्या कॅल्शियमनं हाडं वाकडी होतात. दोन्ही जातींची छाती खोल, त्यामुळे पोटभर खाऊन लगेच धावले तर पोट फुगून पीळ पडण्याचा धोका दोघांनाही आहे. दिवसाचं खाणं दोनदा विभागून द्यावं आणि नंतर तासभर बसू द्यावं. कारवानवर कधी शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर तो सडपातळ शिकारी जातीचा आहे हे डॉक्टरांना आधीच सांगावं. अंगात चरबी कमी असल्यानं भुलीची काही औषधं अशा कुत्र्यांच्या शरीरात जास्त वेळ राहतात.

लसी टाळू नयेत. रेबीजची लस माणसांसाठीही आहे. डिस्टेम्परची लस तर कुत्र्याबरोबर बिबट्यासाठीही आहे. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा त्यात कुत्र्यांच्या डिस्टेम्परचा विषाणू सापडला होता. ज्या भागात बिबट्या कुत्री खातो, तिथे आपल्या कुत्र्याचा आजार कुठवर जाईल हे सांगता येत नाही. माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवलेले बिबटे पाहिलेल्या कुणालाही वाटेल की या जनावरांवर आणखी एक संकट नको.

पिल्लू घेताना आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नये आणि आई बघितल्याशिवाय घेऊ नये. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या दारातून परत फिरावं. अल्सेशियनच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागावेत. शहरातल्या चांगल्या पैदासकाराकडे ते असतात. आईला स्वतःच्या पायांनी जिना चढायला लावून बघणं हा साधा, पण उपयोगी उपाय आहे. कारवानच्या बाबतीत फसवणूक वेगळी होते: ग्रेहाउंडशी संकर करून काढलेली पिल्लं जातिवंत म्हणून खपवली जातात. ती पळतात छान, पण उन्हाचा काटकपणा त्यांच्यात नसतो.

शेवटचा प्रश्न नर की मादी, आणि तो बिबट्याच्या मुलुखात दुय्यम नाही. राखणीला मादी उत्तम. ती घराला जास्त धरून राहते. पण ती माजावर आली की पंचक्रोशीतले नर रात्र-रात्र अंगणाभोवती जमतात, भांडतात, उसाच्या कडेला पडून राहतात, आणि त्यांच्या मागावर बिबट्या थेट घरापर्यंत येतो. म्हणून मादीची शस्त्रक्रिया करून घ्यावीच. अल्सेशियनमध्ये वर्षाच्या आत ती केली तर सांध्यांचे त्रास वाढतात असं आढळलं आहे, तेव्हा वेळ पशुवैद्याला विचारून ठरवावी. आणि मधल्या काळात येणारा माज तिला दिवसासुद्धा जाळीच्या आतच काढू द्यावा.